चॅनेलाची वाटणी

आमच्या घरी दोन टीव्ही चॅनेलं होती आणि एक म्हैस. घराला खरा हातभार म्हशीचा, पण आबांचा सगळा जीव चॅनेलांत. आबा म्हणजे माझे वडील. कोडोलीच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावात केबल त्यांनीच आणली. तिथल्या प्रत्येक खांबावर, निम्म्या नारळांवर आणि देवळामागच्या पिंपळावर ते स्वतः चढलेले आहेत. आता गुडघे दुखतात, तरी रस्त्यानं जाताना मान वर करूनच चालतात. समोरून माणूस आला तर ओळखत नाहीत, तार मात्र कुणाच्या घरात गेलीय ते लांबून सांगतात.

दोन चॅनेलं का, तर गावात गट दोन. आधी एकच चॅनेल होतं. त्यावर एका गटाच्या पुढाऱ्याचा वाढदिवस दाखवला की दुसऱ्या गटाची माणसं येऊन आमच्या तारा कापायची. आबांनी काही दिवस मुकाट्यानं तारा जोडल्या आणि मग एक दिवस शांतपणे दुसरं चॅनेल काढलं. 'एक नंबर'वर एक गट आणि 'दोन नंबर'वर दुसरा. त्यानंतर कुणी तार कापली नाही, कारण तार कापली तर आपलाही पुढारी दिसायचा बंद होतो हे दोन्हीकडं कळलं.

दोन्ही चॅनेलं आमच्या माडीवरच्या एकाच खोलीतून चालायची. थोरला भाऊ, त्याला आम्ही दादा म्हणतो, संध्याकाळी कोट घालून एक नंबरच्या बातम्या वाचायचा. मग मागचा पडदा बदलायचा, कोट काढून जाकीट चढवायचा आणि दोन नंबरच्या वाचायचा. दोन्ही बातम्या लिहून मीच द्यायचो. कोटातला दादा ज्याला 'कार्यसम्राट' म्हणायचा, त्यालाच जाकिटातला दादा 'निष्क्रिय' म्हणायचा. चेहरा तोच, मिशी तीच. गावाला यात काही खटकत नव्हतं. उलट दोन नंबरवाले त्याला चौकात अडवून विचारायचे, "एक नंबरवर त्यो कोण बसतोय ओ? लई खोटं बोलतोय." दादा गंभीरपणे म्हणायचा, "बघतो की त्याच्याकडं."

मग दिल्लीचा नियम आला. नियम आला होता, येणार होता, की आलेला बदलणार होता, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पेठ वडगावकडचा एक केबलवाला बरेच दिवस आमच्या गावात शिरायला बघत होता, त्यानं तक्रार ठोकली. ज्याच्या हातात तार, त्याच्याच हातात गावातली सगळी चॅनेलं, हे कायद्यात बसत नाही, मालकीला मर्यादा असते, असं त्याचं म्हणणं. तक्रार जिल्ह्याच्या ऑफिसात गेली आणि तिथून आम्हाला कळवलं गेलं की चौकशीला साहेब येतील. कधी येतील ते कळवलं नव्हतं.

आबांनी हिशेब मांडला. एक चॅनेल बंद पडलं की एक गट जाणार. एक गट म्हणजे निम्मं गाव, आणि ते निम्मं गाव उचलायला पेठ वडगावचा दारात उभाच होता. आबांना एवढंच हवं होतं, की दोन्ही चॅनेलं घरात राहावीत. त्यासाठी घर मोडायची त्यांची तयारी होती, आणि हे मी उगाच वाढवून सांगत नाही.

त्यांनी तालुक्याहून एक सल्लागार आणले. त्यांचा आयुष्यभराचा धंदा म्हणजे भावाभावांची रेशनकार्डं वेगळी करून देणं आणि जमिनीच्या वाटण्या लावणं. टीव्हीशी त्यांचा संबंध बघण्यापुरता. त्यांनी सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसून आलेला कागद ओठ हलवत वाचला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मालकी वेगळी पायजे म्हंत्यात. ताबा वेगळा पायजे म्हंत्यात."

"म्हंजे काय करायचं?" आबा.

"म्हंजे चूल वेगळी पायजे."

सल्लागारांना जोर आला. "घर एक का दोन, ह्ये सरकार कशावरनं ठरवतंय? चुलीवरनं. साहेब आला की आधी सैपाकघरात शिरणार. मी काय आज बघालोय व्हय?"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि मी शाळेत पोरांना नागरिकशास्त्र शिकवतो. पण आमच्याकडं चूल वेगळी म्हणजे घर वेगळं, यावर कोण वाद घालतो? एकाच छपराखाली, मध्ये साधी भिंतही नसताना, भाऊ भाऊ वेगळे राहतात ते चुलीच्याच जोरावर. टीव्हीचं चॅनेल काय आणि उसाचं रान काय, वाटणीची रीत एकच असणार असं आम्ही धरून चाललो.

आता दोन नंबर करायचं कुणाच्या नावावर? दादा तारांच्या धंद्यात आधीच भागीदार. वहिनी दादाची बायको, म्हणजे तीही त्यातच आली. मी सरकारी मास्तर, माझ्या नावावर धंदा चालत नाही. उरली आई.

"पर नवरा-बायको एकच धरत्यात न्हवं?" दादानं विचारलं.

सल्लागारांनी थोडा विचार केला. "चूल वेगळी केली की न्हाईत धरत."

अशा रीतीनं, चांगल्या चाललेल्या संसारात माझ्या आईवडिलांची वाटणी झाली. शेजाऱ्यांना काही नवल वाटलं नाही. आमच्याकडं वाटणीत आईबापही वाटून घेतात, बाप एका लेकाकडं, आई दुसऱ्याकडं. आबा दादा-वहिनीकडं गेले आणि माझं लग्न व्हायचं होतं म्हणून मी आईच्या वाट्याला आलो. शेजारणींनी एवढंच विचारलं की म्हैस कुणाकडं गेली.

आई तेव्हा जोंधळा पाखडत बसली होती. आबांनी तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हंजे दोन नंबर माजं?"

"कागदावर," आबा म्हणाले.

"कागदावर म्हंजे माजंच की."

आबा हसले. दादा हसला, मीही हसलो. आई हसली नाही, सही करायला पेन मागितलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. कागद तिनं सगळा वाचला, एका शब्दापाशी बोट ठेवून मला अर्थही विचारला. शब्द 'सर्वाधिकार' होता. मी अर्थ सांगितला आणि तिनं सही केली.

दुसऱ्या दिवशी आबांनी घरातून चुन्याची रेघ मारली. कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी, सुतळी ताणून. रेघ माजघराच्या मधोमध गेली. पुढचा सोपा आणि जिना आबांकडं, मागचं स्वयंपाकघर आणि त्यामागचं परडं आईकडं. गॅसचं कनेक्शन आबांच्या नावावर, म्हणून शेगडी उचलून सोप्यात गेली आणि आईनं परड्यात चूल घातली. म्हैस आईकडं आली, कडबा कापायचं यंत्र आबांकडं गेलं. न्हाणी आबांच्या हद्दीत आणि संडास आईच्या. त्यामुळं रोज सकाळी दोन्ही संस्थांचे मालक एकमेकांच्या हद्दीतून तांब्या घेऊन जायचे आणि सल्लागारांच्या सूचनेप्रमाणं एकमेकांशी बोलायचे नाहीत. पेठ वडगावच्याची माणसं गावात फिरतात, कोण कुणाकडं जेवतं ते बघतात, असं कुणीतरी आबांच्या डोक्यात भरवलं होतं.

आबांनी तपासणीची तालीमही घेतली. स्वतः साहेब झाले, खिशाला पेन लावलं आणि रेघेपलीकडं उभं राहून आईला विचारलं, "बाई, तुमचा आणि समोरच्या मालकांचा संबंध काय?"

आई भाकरी थापत होती. "हाय म्हंत्यात लोकं," ती म्हणाली.

"असं न्हाय म्हणायचं. काय संबंध न्हाय म्हणायचं."

"बरं. काय संबंध न्हाय."

तिनं हे इतकं सहज म्हटलं की आबा तिच्याकडं बघायला लागले. मग म्हणाले, "हां. असं." आणि पेन काढून ठेवलं.

खरा त्रास जेवणाचा झाला. वहिनी शाहूवाडीकडची, भाताच्या मुलखातली. भात ती असा करते की शीत न् शीत मोकळं, पण भाकरी थापायला बसली की तव्यावर कुठल्या तरी जिल्ह्याचा नकाशा तयार होतो. आबांना सकाळ-संध्याकाळ भाकरी लागते. आता ते सोप्यात भाताचं ताट पुढ्यात घेऊन बसायचे, आणि परड्यातून आईच्या थापण्याचा आवाज यायचा. आवाज आला की त्यांचा घास हातातच थांबायचा. एका रविवारी आईनं मटण केलं. वहिनीनं गुपचूप वाटीभर तांबडा रस्सा पदराखाली झाकून रेघेपलीकडं नेला. आबांनी वाटी बघितली, तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं, आणि तरी म्हणाले, "परत न्हे. ताबा एक हुतोय." वहिनी वाटी घेऊन परत आली. मला त्या दिवशी आबांची कीव आली, हसूही आलं. माणसानं कायद्याला इतकं घाबरू नये, निदान न वाचलेल्या कायद्याला तरी.

इकडं दोन नंबर काही दिवस पहिल्यासारखंच चाललं. जाकीट, निळा पडदा, 'निष्क्रिय' वगैरे. मग एका संध्याकाळी आई परड्यातून मला म्हणाली, "त्या जाकीटवाल्याला सांग, उद्यापासनं येऊ नको."

"आई, त्यो दादा हाय."

"तिकडचा माणूस हाय. ताबा वेगळा पायजे म्हंत्यात न्हवं?"

दादा खवळला. आबांकडं गेला. आबा ताडकन उठले, तरातरा रेघेपर्यंत आले आणि थांबले. रेघ त्यांनीच मारलेली. पाय उचलला, परत ठेवला, आणि रेघेवरूनच ओरडले, "अगं, काय चालीवलायस काय?" आईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि म्हणाली, "साहेब बघत असतील." आबा मागं फिरले.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः बातम्या द्यायला बसली. माडीवर जायला तयार नव्हती, कारण जिना आबांच्या हद्दीत. परड्यात चुलीशेजारी पाट टाकला, मी कॅमेरा धरला, मागं म्हैस. मी बातम्या लिहून आणल्या होत्या. तिनं त्या बाजूला ठेवल्या. आमच्याकडच्या बायका 'मी सांगतो', 'मी येतो' असंच म्हणतात, तसंच ती म्हणाली:

"ऐका. मी सांगतो ते ध्येन देऊन ऐका. उद्या खालच्या आळीला पाणी येनार, वरच्या आळीला न्हाय. वरच्यांनी आजच भरून ठेवा. पंपावरच्या माणसाला इचारून आलोय. देवळामागच्या म्हातारीचं उद्या रक्षाविसर्जन हाय, सकाळच्याला. एक करडी शेळी चुकून आमच्या परड्यात आलीया, ज्याची हाय त्यानं घिऊन जावी, लई वरडतीय. एकाला म्हस इकायची हाय. लई दूध देती म्हणून सांगायला सांगितलंय. मी जाऊन बघितलं, देत न्हाय. बास."

हे झालं आईचं पहिलं बातमीपत्र. मला वाटलं, संपलं. उद्या गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

उलटंच झालं. आठवड्याभरात वरची आळी, खालची आळी, कोट बघणारे, जाकीट बघणारे, सगळे त्या वेळेला दोन नंबर लावून बसू लागले. मोबाईलवर जगातलं काय वाटेल ते दिसतं, पण उद्या नळाला पाणी येणार का ते कुठं दिसत नाही. गावातल्या दोन्ही गटांचे नळ एकाच टाकीवर, हे माझ्या डोक्यात इतकी वर्षं बातम्या लिहून कधी आलं नव्हतं. शाळेत पोरं मला विचारायची, "सर, शेळीचा मालक गावला का?" लिहायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं. मी कॅमेरा धरायचो आणि म्हैस मध्येच शेपूट फिरवायची तेवढी चुकवायचो.

दोन नंबरचा गट अर्थातच चिडला. त्यांचे पुढारी चार माणसं घेऊन आबांकडं आले. आबा म्हणाले, "मालक मी न्हाय. मालक पलीकडं हाय." पुढारी रेघ ओलांडून परड्यात आले. आईनं त्यांना चहा दिला.

"वैनी, आमच्या सत्काराचं लावलं न्हाईसा," पुढारी म्हणाले.

"लावतो की. पाण्याच्या टाकीचा पत्रा उडालाय, त्यो बसवा. बसवला की लावतो."

"आनि न्हाय बसवला तर?"

"तर तसं लावतो."

पत्रा बसला. तो बसवताना आईनं मला कॅमेरा घेऊन पाठवलं आणि सत्कार दाखवला, पत्र्याएवढाच. मग एक नंबरच्या गटाचे पुढारीही आले, त्यांनी गटारीवरची फरशी बसवून दिली. दिल्लीच्या लोकांना चॅनेलं वेगळ्या हातात असावीत असं का वाटत असेल ते मला त्या दिवसांत थोडं थोडं कळू लागलं होतं. आबांना मात्र कळत नव्हतं, कळून घ्यायचंही नव्हतं. ते सोप्यात बसून म्हणायचे, "माजंच चॅनेल माज्याच उरावर बसलंय."

एक नंबर कुणी बघेना. दादा कोट घालून, घाम पुसत, 'कार्यसम्राट' म्हणायचा आणि खाली सोप्यात त्याची स्वतःची बायको दोन नंबर लावून बसलेली. आबांनी तिला एकदा पकडलं. ती म्हणाली, "पाणी कवा येतंय तेवढंच बघालतो." आबांनी रिमोट काढून घेतला. दुसऱ्या दिवशी मी काही कामानं पुढं गेलो तर आबाच एकटे बसून दोन नंबर बघत होते, आवाज बंद करून. आई काहीतरी सांगत होती आणि ते तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होते. मला बघून त्यांनी चॅनेल बदललं. घरात रोज समोर असलेल्या बाईकडं त्यांनी असं कधी बघितलेलं मला आठवत नाही.

त्याच आठवड्यात आईनं बातमी दिली. "एक नंबरचे मालक काल खांबावर चढलते. ह्या वयात चढू नये. गुडघं दुखत्यात त्यांचं, रातभर कन्हत्यात. त्या बाजूच्या माणसांनी त्येल लावावं. बास." सगळ्या गावानं ऐकलं. आबा संतापले, की आपली इज्जत चव्हाट्यावर मांडली. वहिनीनं तेल लावलं.

मग साहेब आले, कुणाला काही न कळवता, भर दुपारी. सल्लागार योगायोगानं आमच्याकडंच भातावर बसले होते. आबांनी घाईघाईनं नेहरू शर्ट चढवला. साहेब तरुण होते, उन्हानं लाल झालेले, त्यांना पहिल्यांदा पाणी पाहिजे होतं. पण सल्लागारांनी त्यांना आधी रेघ दाखवली.

"ही रेघ कसली?" साहेबांनी विचारलं.

"मालकीची मर्यादा, साहेब," सल्लागार म्हणाले. "हितनं तिकडं दोन नंबर, हितनं अलीकडं एक नंबर. चला, चुली बघा."

साहेबांना काही कळायच्या आत त्यांनी सोप्यातली शेगडी दाखवली, वास घ्यायला लावला, मग परड्यात नेऊन चूल दाखवली, राख गरम असल्याची खात्री करून दिली. साहेब मुकाट्यानं सगळं बघत गेले. शेवटी आईनं त्यांना पाणी दिलं, ताक दिलं. सल्लागारांनाही दिलं. मागोमाग आबा रेघेजवळ येऊन उभे राहिले होते, त्यांना नाही दिलं.

"ह्यांना?" साहेबांनी विचारलं.

"त्येंचा आमचा काय संबंध न्हाय," आई म्हणाली.

आबांनी माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर अभिमान होता, की तालीम कामाला आली. आणि दुसरंही काहीतरी होतं.

साहेबांनी ताक संपवलं आणि खाली बसून समजावून सांगितलं, सावकाश, आपण पहिलीच्या पोराला सांगतो तसं. मर्यादा आहे, ती केबलवाला एकूण किती चॅनेलं दाखवतो त्याच्या मानानं आहे. तुमच्या तारेवरून ढीगभर चॅनेलं दिसतात, त्यात तुमची स्वतःची फक्त दोन. तुम्ही मर्यादेच्या जवळपासही नाही. नवऱ्याच्या नावावर ठेवा, बायकोच्या नावावर ठेवा, दोन्ही एकाच्याच नावावर ठेवा. नोंदणी तेवढी करून घ्या.

"आनि चूल?" सल्लागारांनी विचारलं.

"चुलीचा काय संबंध?"

सल्लागार खचले. त्यांचं सगळं शास्त्रच चुलीवर उभं होतं. आबांनी जरा धीर करून विचारलं, "मग साहेब, ह्या मर्यादा हायत कुणाला?"

साहेब म्हणाले, मोठ्यांना. एका कंपनीची चॅनेलं असतात, तिच्यात दुसरी कंपनी असते, दुसरीत तिसरी, आणि शेवटचा मालक कोण ते शोधता शोधता कागद संपतात.

"त्येंच्या चुली बघितलासा का?" आबांनी अगदी मनापासून विचारलं. साहेब हसले आणि गाडीत जाऊन बसले.

आबांच्या अंगात वारं शिरलं. दोन्ही चॅनेलं वाचली होती, निम्मं गाव वाचलं होतं, पेठ वडगावचा तोंडावर आपटला होता. सल्लागारांना त्यांनी वाटेला लावलं, वहिनीला ओरडून सांगितलं, "शेगडी उचल, आत न्हे." दादाला म्हणाले, "जाकीट काढ धुवायला." आणि स्वतः खराटा घेऊन माजघरात आले, वाकले आणि रेघ पुसायला लागले.

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आबा वाकलेलेच. "अगं, आता काय गरज हाय तिची? ऐकलंस न्हवं साहेब काय म्हणला?"

"तुमास्नी न्हाय गरज. मला हाय."

"अगं, त्ये कागदावरचं हुतं."

"सही माजी हाय की. वाचून केल्याय."

आबा सरळ झाले. मला वाटलं, आता ते भडकणार. दादाही पुढं सरकला. पण आबांनी खराटा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"दोन नंबर दिणार न्हाईस?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"आनि मी? मी जेवायचं कुठं?"

हे त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारलं की दादानं मान वळवली. बाप आपल्यासमोर असा कधी उभा राहील असं पोराला वाटत नाही.

आईनं पदर खोचला. "कुठंबी जेवा," ती म्हणाली. "पर ह्या बाजूला यायचं तर इचारून यायचं."

आबांनी हे घर बांधलं. एकेक चिरा बघून घेतला, दारं स्वतः उभी राहून बसवून घेतली. आजवर ते खाकरून आत शिरायचे आणि आई ताट घ्यायची, यापलीकडं त्यांना त्या खोलीतलं काही ठाऊक नव्हतं. ते निम्म्या पुसलेल्या रेघेशी उभे राहिले. खराटा भिंतीला टेकवला. धोतराला हात पुसले.

"यिऊ का?" ते म्हणाले.

"या की."

आई परड्यात चुलीपुढं जाऊन बसली आणि काठवटीत पीठ घेतलं. आबा स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि सवयीनं वाट बघत राहिले. पुढ्यात काही आलं नाही. पहिली भाकरी फुगली, दुसरी तव्यावर पडली. शेवटी आई तिकडूनच म्हणाली, "ताट घ्या की. मला बातम्यांना बसायचंय."

आबा उठले. त्यांनी एक फडताळ उघडलं, त्यात डबे होते. दुसरं उघडलं, त्यात पापड. मग भिंतीपाशी गेले, फळीवर हात फिरवला, खाली वाकून बघितलं, परत पहिल्या फडताळाकडं आले.

"ताटं कुठं असत्यात?" त्यांनी विचारलं.

मी पुढं झालो. आईनं मला हातानं थांबवलं. ती भाकरी थापत राहिली, आणि आबा आपल्या घरात ताट शोधत राहिले.